एक गोधडी राणीसाठी

दसरा उलटला की आमच्याकडे माळा रिकामा होतो. दोन वर्षांपूर्वी त्या आवराआवरीत विरलेल्या चादरी, कडा उसवलेले टॉवेल, आईची दोन सुती लुगडी आणि वर्षभराची रद्दी असा ढीग दारात पडला होता. भांडीवाली आली नव्हती आणि रद्दीवाल्याला निरोप गेला नव्हता. तेवढ्यात इमारतीखालची राणी, तांबूस अंगाची आणि एक कान कायम पडलेली कुत्री, जिना चढून वर आली. ढिगावर तीन वेळा गोल फिरली, अंगाचं वेटोळं केलं आणि झोपून गेली. तिला उठवायचं कुणाच्या जिवावर आलं नाही.

त्या दुपारी मी एका प्राणी-निवाऱ्याला फोन केला आणि विचारलं, "तुम्हाला काय लागतं?" पैशांचा आकडा ऐकायची माझी तयारी होती. पलीकडून उत्तर आलं, "जुन्या चादरी आहेत का? आणि रद्दी?" आजारी पिल्लांच्या पिंजऱ्यात दिवसातून कितीतरी वेळा कागद बदलावा लागतो. शस्त्रक्रियेनंतर थंडीने कापणाऱ्या कुत्र्याला टॉवेलात गुंडाळावं लागतं. माझ्या घरात अडगळ असलेली प्रत्येक वस्तू तिथे कुणाची तरी गरज होती.

तोवर मला वाटायचं, बेघर प्राण्यांची सेवा हे धाडसी माणसांचं काम. मध्यरात्री जखमी कुत्रा उचलून दवाखाना गाठणाऱ्यांचं. अशी माणसं आहेत आणि त्यांच्यापुढे हात जोडावेत. पण अशा एकेका माणसामागे छोटी कामं करणारे शंभर हात लागतात. ही कामं हसतखेळत, घरच्यांसोबत, शेजाऱ्यांसोबत करता येतात. कणव एखाद्या दिवशी दाटून येते आणि ओसरते. ज्या कामात मजा आली, ते पुढच्या रविवारीही होतं. म्हणून हा लेख अशा आनंदाच्या कामांविषयी.

आपली जुनी ओळख

आपली दिवाळी वसुबारसेला गाय-वासराच्या पूजेने सुरू होते. शेजारच्या नेपाळमध्ये याच दिवसांत तिहार साजरा होतो आणि त्याचा दुसरा दिवस असतो कुकुर तिहार. त्या दिवशी घरच्याच नव्हे, गल्लीतल्या कुत्र्यांच्याही गळ्यात झेंडूच्या माळा घालतात, कपाळी टिळा लावतात, गोडधोड भरवतात. यमाच्या दारी कुत्रे असतात, ही त्यामागची श्रद्धा. आपल्यालाही ती परकी नाही. ऋग्वेदातले यमाचे चार डोळ्यांचे दोन श्वान सरमेचे पुत्र आहेत. दत्तगुरूंच्या तसबिरीत पायाशी चार कुत्रे बसलेले असतात. पोळी पळवून नेणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आणि तहानलेल्या गाढवाला कावडीतली गंगा पाजणारे एकनाथ आपण लहानपणीच ऐकलेले असतात.

मुंबईत या मायेचा लेखी इतिहासही आहे. १८३२ च्या जून महिन्यात पोलिसांनी भटके कुत्रे मारण्याची मोहीम चालवली, तेव्हा सगळ्यात आधी पारशी समाज रस्त्यावर उतरला. कुत्र्याला त्यांच्या धर्मात पवित्र स्थान आहे. हिंदू आणि जैन व्यापारीही सामील झाले, बाजार बंद पडला, किल्ल्यातल्या फौजेची रसद अडली. पाठोपाठ १८३४ मध्ये जमशेटजी जीजीभॉय आणि त्यांच्यासारख्या दानशूर व्यापाऱ्यांच्या पुढाकाराने मुंबईची पांजरापोळ उभी राहिली. भुलेश्वरला ती आजही आहे. १८७४ मध्ये प्राण्यांवरील क्रौर्य रोखणारी संस्था मुंबईत स्थापन झाली, आणि १८८३ मध्ये सर दिनशा माणेकजी पेटिट यांच्या देणगीतून परळला बाई साकरबाई पेटिट रुग्णालय आलं. मुंबईकर त्याला प्रेमाने 'बैलघोडा हॉस्पिटल' म्हणतात.

ही परंपरा थांबलेली नाही. टाटा समूहाच्या बॉम्बे हाउसचं २०१८ मध्ये नूतनीकरण झालं, तेव्हा तिथल्या भटक्या कुत्र्यांसाठी खास खोली राखली गेली. रतन टाटांच्या ध्यासातलं लहान प्राण्यांचं मोठं रुग्णालय २०२४ मध्ये महालक्ष्मीला सुरू झालं. प्रत्येकाला रुग्णालय बांधता येणार नाही. गोधडी मात्र शिवता येते.

गोधडी, पट्टा आणि किल्ला

गोधडीपासूनच सुरुवात करू. जुनी सुती साडी, लुगडं, चादर यांचे थर लावून साधारण दोन फूट बाय तीन फूट मापाची छोटी गोधडी शिवायची. टाके मोठे चालतात, पण पक्के हवेत. बटणं, हुक, जर, नायलॉनच्या झालरी आधी काढून टाकायच्या, कारण पिल्लं चावतात आणि गिळतात. कोजागरीला गच्चीवर दूध आटतं, तेव्हा सुई-दोरा घेऊन बसलं तर एका रात्रीत दहा गोधड्या सहज होतात. आमच्या इमारतीत आज्ज्यांनी टाके घातले आणि नातवंडांनी सुईत दोरे ओवले. निवाऱ्यात कापड सतत धुवावं लागतं, त्यामुळे लवकर वाळणारी पातळ गोधडी अधिक उपयोगाची.

दुसरं काम पुण्यात जन्मलं. शंतनू नायडू या तरुण अभियंत्याने रस्त्यावर गाडीखाली आलेला कुत्रा पाहिला. रात्री चालकाला कुत्रा दुरून दिसत नाही, हे मूळ दुखणं. त्याने मित्रांसोबत प्रकाश परावर्तित करणारे गळपट्टे बनवले. कापडाला पैसे नव्हते, म्हणून घराघरांतून जुन्या जीन्स गोळा केल्या. 'मोटोपॉज' नावाचा हा उपक्रम पुढे रतन टाटांपर्यंत पोहोचला. जीन्सची पट्टी आणि त्यावर चमकणारी टेप, हे मुलांसोबत सुट्टीत करण्याजोगं काम आहे. दोन गोष्टी मात्र पाळायच्या. पट्टा आणि मान यांमध्ये दोन बोटं आरामात गेली पाहिजेत. आणि वाढत्या पिल्लांना पट्टा घालायचा नाही, कारण मान जाड होते आणि पट्टा मांसात रुततो. मांजरांनाही तो नको, कुंपणात अडकून फास बसू शकतो.

दिवाळीत मुलं किल्ला करतात. गेल्या वर्षी आमच्या मुलांनी किल्ल्याच्या दरवाजाशी एक डबा ठेवला आणि पाटी लावली : 'गडावरच्या पहारेकऱ्यांच्या लसीसाठी'. किल्ला पाहायला आलेल्या प्रत्येकाने काहीतरी टाकलं. जमलेल्या पैशांत आमच्या गल्लीतल्या सगळ्या कुत्र्यांना रेबीजची लस टोचून झाली. हाताने रंगवलेल्या पणत्या, आकाशकंदील, घरच्या चकल्या यांचा छोटा स्टॉलही असाच लावता येतो. वाढदिवसाला भेटवस्तूऐवजी एका कुत्र्याच्या शस्त्रक्रियेचा खर्च मागणारी मुलंही मी पाहिली आहेत. संस्थेला देणगी देताना नोंदणी, हिशेब आणि पावती जरूर पाहावी. मान्यताप्राप्त संस्थेच्या देणगीवर, जुनी करप्रणाली निवडणाऱ्यांना, प्राप्तिकरात सवलत मिळते.

रविवारचे दोन तास

निवाऱ्यातल्या प्राण्यांना अन्न मिळतं, औषध मिळतं. कमी पडतो तो सहवास. तीन-चार माणसांनी शंभरेक जिवांचं करायचं, तर प्रत्येकाच्या वाट्याला कुरवाळणं कुठून येणार? फिरवून आणणं, अंग विंचरणं, आंघोळ घालणं यासाठी बहुतेक संस्थांना स्वयंसेवक हवे असतात. पुण्यात २००७ पासून काम करणारी 'रेस्क्यू' किंवा मुंबईत १९८५ पासून भटक्या कुत्र्यांसाठी झटणारी 'वेल्फेअर ऑफ स्ट्रे डॉग्ज' यांसारख्या संस्थांची कामं पाहिली की आपल्या हाताला काय जमेल, ते कळतं. आधी फोन करून जावं, सांगतील तेच करावं.

अमेरिकेतल्या मिझुरी राज्यातल्या एका निवाऱ्यात मुलं पिंजऱ्यासमोर मांडी घालून कुत्र्यांना गोष्टी वाचून दाखवतात. बुजलेला कुत्रा हळूहळू पुढे येतो, कारण आवाज शांत असतो आणि कुणी हात पुढे करत नाही. मुलाचंही वाचन सुधारतं, चुकलं तरी हसणारं कुणी नसतं. आपल्याकडे मराठी गोष्टीची पुस्तकं घेऊन हे कुठेही सुरू करता येईल. भाषा कुत्र्याला अडत नाही.

ज्यांच्याकडे बरा कॅमेरा आहे, त्यांनी फोटो काढावेत. गजाआडचा, वरून काढलेला, घाबरल्या डोळ्यांचा फोटो पाहून कुणी पिल्लू घरी नेत नाही. उजेडात, त्याच्या उंचीला खाली बसून, खेळताना काढलेला फोटो घर मिळवून देतो. सोबत चार खऱ्या ओळी लिहाव्यात : मुलांशी कसं वागतो, मांजर चालते का, कशाला घाबरतो. खोटी स्तुती केली की प्राणी आठवड्याने परत येतो आणि त्याचं मन दुसऱ्यांदा मोडतं.

कायमचं घर देणं शक्य नसेल, तर फॉस्टर व्हावं, म्हणजे काही आठवडे आसरा द्यावा. कुत्र्याच्या पिल्लाचे तिसऱ्या ते चौदाव्या आठवड्यातले दिवस घडणीचे असतात. या काळात माणसाचा हात, मिक्सरचा आवाज, दारावरची बेल यांची ओळख झाली तर ते पुढे निर्भय होतं. आठ आठवड्यांआधी पिल्लाला आईपासून तोडू नये. दत्तक घेताना आपल्या देशी कुत्र्याकडे पाहावं. आपल्या उन्हापावसात पिढ्यान्‌पिढ्या घडलेलं हे जनावर काटक आणि हुशार असतं. माझी एक मैत्रीण दर वर्षी दोन-तीन पिल्लं फॉस्टर करते. प्रत्येक वेळी निरोप देताना रडते, आणि पुढच्या महिन्यात नवं पिल्लू आणते.

घास घालण्याआधी

आता एक कळीची गोष्ट. कुत्री साधारण वर्षातून दोनदा माजावर येते, दोन महिने गाभण राहते आणि एका वेळी चार-सहा पिल्लं देते. त्यातली बरीचशी पिल्लं वर्षही पुरं करत नाहीत. त्यामुळे निर्बीजीकरण हा दयेचाच भाग आहे. प्राण्यांच्या जन्मनियंत्रणाचे २०२३ चे नियम सांगतात, की कुत्र्याची शस्त्रक्रिया करावी, रेबीजची लस द्यावी, खूण म्हणून कान कातरावा आणि त्याला त्याच जागी परत सोडावं. परत त्याच जागी अशासाठी, की ओळखीचा कुत्रा गेला तर मोकळ्या जागेत अनोळखी, लस न घेतलेला कुत्रा येतो. रोज खाऊ घालणाऱ्यालाच कुत्रा जवळ येऊ देतो. म्हणून पालिकेची गाडी येते त्या सकाळी आपण हजर असणं, ही फार मोठी मदत असते. आमची राणी अशीच माझ्या मांडीवर डोकं ठेवून गाडीत चढली. तिचा दुसरा कान आता टोकाला कातरलेला आहे.

परिसरातल्या ७० टक्के कुत्र्यांना लस मिळाली, तर रेबीजची साखळी तुटते, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. गोव्याने हे करून दाखवलं. २०१३ पासून 'मिशन रेबीज'ची पथकं वाड्यावस्त्यांवर फिरली, शाळाशाळांतून मुलांना शिकवलं गेलं आणि २०२१ मध्ये गोवा देशातलं पहिलं रेबीज-नियंत्रित राज्य म्हणून जाहीर झालं. तरीही चावा किंवा ओरखडा बसला तर जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने १५ मिनिटं धुवावी आणि लगेच दवाखाना गाठावा. लस कुणाचीही चुकवू नये, माणसाचीही.

खाऊ घालण्याची जागा ठरलेली हवी. मुलांच्या खेळण्याच्या जागेपासून, जिन्यापासून, येण्याजाण्याच्या वाटेपासून ती दूर असावी, असं नियम सांगतात. सर्वोच्च न्यायालयानेही २२ ऑगस्ट २०२५ च्या आदेशात ठरवून दिलेल्या जागीच खाणं देण्यास सांगितलं आहे. शाळा, रुग्णालयं, स्थानकं यांच्यासाठी वेगळे निर्देश आहेत, म्हणून आपल्या पालिकेकडे चौकशी करावी. कुत्र्यांची भीती वाटणारे शेजारीही आपलेच आहेत. खाणं झाल्यावर जागा झाडून घेतली, तर निम्मे वाद मिटतात.

सणाचे चार दिवस

फराळाचं ताट पाहून शेपूट हलते आणि आपला हात पुढे होतो. तो आवरावा. बेदाणे कुत्र्याच्या मूत्रपिंडाला घातक असतात, कांदा-लसूण रक्ताला, चॉकलेट हृदयाला. मीठ-मसाला न घातलेला मऊ भात आणि त्यात उकडलेलं अंडं, हाच त्यांचा फराळ. शेजारी स्वच्छ पाण्याचं जड भांडं, कलंडणार नाही असं.

माणसाला साधारण २०,००० हर्ट्‌झपर्यंतचे आवाज ऐकू येतात, कुत्र्याला ४५,००० पर्यंत. आपल्यापर्यंत पोहोचतच नाहीत असे आवाजही त्याच्या कानावर आदळत असतात. लक्ष्मीपूजनाच्या रात्री बिथरून पळालेले कित्येक प्राणी घराची वाट चुकतात. घरच्या कुत्र्याच्या पट्ट्यावर फोन नंबर लिहावा, संध्याकाळ होण्याआधीच त्याला फिरवून आणावं. गल्लीतल्यांसाठी पार्किंगचा कोपरा किंवा जिन्याखालची जागा त्या रात्रीपुरती उघडी ठेवावी. त्यांच्या दिशेने फटाका फेकणं किंवा शेपटीला बांधणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा आहे. हे मुलांना आधीच, शांतपणे सांगावं. मुलं ऐकतात, आणि पुढे मोठ्यांनाही ऐकायला लावतात.

आमच्या जिन्याखाली सणाच्या दिवसांत गोधड्यांची ओळ असते. धनत्रयोदशीला यमासाठी कणकेचा दिवा लावून त्याची ज्योत दक्षिणेकडे करायची रीत आई अजून पाळते. दिवा लावून ती जिन्याखाली डोकावते, सगळे आले का ते मोजते. यंदाही माळा रिकामा झाला आहे. सुई-दोरा काढला, तर आईने तिचं ठेवणीतलं मऊ लुगडं स्वतःहून पुढे केलं आणि म्हणाली, "राणीची जरा मोठी शिव. गेल्या वर्षी तिचे पाय बाहेर येत होते."