पीसीबीवर फुंकर नको

घरी पीसीबी, म्हणजे सर्किटचा बोर्ड, बनवताना वापरायच्या फेरिक क्लोराइडचे डाग बोटांवर, शर्टावर आणि मोरीच्या फरशीवर पडतात. त्याला कंटाळून बरेच हौशी लोक पीसीबी कोरायला छोटं सीएनसी मशीन घेतात. डाग थांबतात, पण टेबलावर पिठासारखी मऊ, फिकट धूळ साचू लागते. या धुळीबद्दलचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : ही तर तांब्याची धूळ!
वस्तुस्थिती : नेहमीच्या एफआर-४ बोर्डावर तांब्याचा थर असतो जेमतेम ०.०३५ मिलिमीटर. मशीनचं टोकदार कोरणारं व्ही-बिट मात्र ०.१ मिलिमीटरच्या आसपास खोल जातं आणि तांब्याखालचं काचकापड व इपॉक्सी खरवडतं. बोर्डाच्या कडा कापताना तर १.६ मिलिमीटरची पूर्ण जाडीच धूळ होते.

गैरसमज : काचेची धूळ म्हणजे सिलिकोसिस, नाहीतर अ‍ॅस्बेस्टॉससारखा कर्करोग.
वस्तुस्थिती : सिलिकोसिस होतो तो स्फटिकरूप सिलिकामुळे. बोर्डातली काच अस्फटिक असते आणि तिचे तंतू अ‍ॅस्बेस्टॉसचे नव्हेत. पण म्हणून ती निर्धोक ठरत नाही. तिने कातडीला खाज सुटते, डोळे चुरचुरतात, घसा खवखवतो आणि बारीक कण फुफ्फुसात उतरतात. खाज सुटली तर चोळू नका, वाहत्या पाण्याखाली हात धरा.

गैरसमज : तोंडाला रुमाल बांधला की झालं.
वस्तुस्थिती : रुमाल आणि सर्जिकल मास्क गालांशी सैल राहतात, हवा तिथूनच आत शिरते. घट्ट बसलेला एन-९५ वापरा. दाढी असेल तर तोही नीट बसत नाही. तरीही मास्क ही शेवटची फळी. धूळ उडण्याआधीच पकडायला हवी.

गैरसमज : घरातला व्हॅक्युम क्लीनर आहेच की.
वस्तुस्थिती : साध्या पिशवीतून सर्वांत बारीक धूळ मागच्या झोतातून पुन्हा खोलीत येते. हेपा फिल्टरचं मशीन घ्या, नळीचं तोंड बिटाच्या अगदी जवळ बसवा आणि मशीनभोवती अ‍ॅक्रिलिकची पेटी करा. मध्ये सायक्लोन, म्हणजे हवा गरगर फिरवून कचरा वेगळा करणारं साधन, लावला तर जाड कचरा डब्यात पडतो आणि फिल्टर जास्त टिकतो. पण सायक्लोन हा फिल्टरला पर्याय नाही.

गैरसमज : पाण्याचे थेंब टाकले की धुळीचा प्रश्न मिटला.
वस्तुस्थिती : ओली धूळ उडत नाही, हे खरं. पण तो चिखल वाळला की पुन्हा धूळच. ओला असतानाच कागदाने टिपून पिशवीत बांधा. बेसिनमध्ये धुऊ नका. तांबं पाण्यातल्या जिवांना घातक असतं. कंट्रोलर आणि वायरिंगही पाण्यापासून दूर ठेवा.

काम संपल्यावर सवयीने बोर्डावर फुंकर मारली जाते, आणि दिवसभराची काळजी तिथेच वाया जाते. काचेची पूड डोळ्यांत जाते, तांब्याचे कण शेजारच्या उघड्या सर्किटवर बसून शॉर्ट करतात. ब्रश घ्या, शेजारी व्हॅक्युमची नळी धरा. फुंकर घालायची ती जखमेवर, पीसीबीवर नाही.