‘कन्फॅब्युलेशन’ : व्युत्पत्ती आणि अर्थच्छटा

इंग्रजीतील ‘कन्फॅब्युलेशन’ ह्या संज्ञेसाठी ‘थाप’ किंवा ‘कपोलकल्पना’ हे पर्याय सहज सुचतात. परंतु ह्या दोन्ही शब्दांत बोलणाऱ्यावर ठपका आहे. मनोविकारशास्त्रातील संज्ञेत तो नाही. आत्मचरित्राच्या समीक्षेत हा भेद निर्णायक ठरावा.

लॅटिन ‘कॉन्फाबुलारी’ म्हणजे एकत्र बसून बोलणे. त्यातील ‘फाबुला’ (बोलणे, कथा) हा शब्द ‘फारी’ म्हणजे ‘बोलणे’ ह्या क्रियापदापासून सिद्ध झाला. ह्या ‘फारी’शी संस्कृत ‘भण्’ धातूचे नाते अनेक व्युत्पत्तिकारांनी मानले आहे, आणि ‘भण्’पासूनच मराठी ‘म्हणणे’ आले. इसापाची ‘फेबल’ आणि आपली ‘म्हण’ ह्या, दूरच्या का होईना, एकाच घराण्यातल्या! इंग्रजीतही ह्या शब्दाचा आरंभीचा अर्थ संभाषण एवढाच होता. ‘कन्फॅब’ ह्या बोलीरूपात तो अद्याप टिकून आहे. फारसीतून आलेला ‘गप’ हा शब्दही मराठीत संभाषणाकडून खोट्या वार्तेकडे सरकला. मात्र गप ठोकणाऱ्याला आपण काय करीत आहोत, हे ठाऊक असते.

नेमके हेच ‘कन्फॅब्युलेशन’मध्ये नसते. रशियन मनोविकारतज्ज्ञ सर्गेई कोर्साकॉव्ह ह्यांनी १८८७ पासून ज्या स्मृतिविकाराचे वर्णन केले, त्यात अंथरुणाला खिळलेला रुग्ण आपण सकाळीच फिरून आल्याचे तपशीलवार सांगतो. त्याला फसवावयाचे नसते. स्मृतीतील पोकळी भरली जाते आणि ती भरल्याचे त्यालाच कळत नाही. पुढे विसाव्या शतकाच्या प्रारंभी ‘कन्फॅब्युलेशन’ ही संज्ञा ह्या लक्षणासाठी रूढ झाली. निरोगी स्मरणही पुनर्रचनाच असते, हे फ्रेडरिक बार्टलेट ह्यांनी १९३२ मध्ये ‘रिमेम्बरिंग’ ह्या ग्रंथात दाखवून दिले.

आत्मचरित्रातील प्रसंग समकालीन पत्रांशी जुळत नाही, एवढ्यावरून लेखकाला असत्यवादी ठरविण्याची घाई आपल्या समीक्षेत वारंवार होते. वस्तुतः लेखकाला ती विसंगती ठाऊक होती काय, हा प्रश्न आधी विचारावयास हवा. अर्थात जाणूनबुजून दडविलेल्या गोष्टींना ह्या संज्ञेचा आडोसा देता येणार नाही.

पर्याय म्हणून ‘स्मृतिपूरण’ हा शब्द योजता येईल. त्यात एक उणीव राहते. अशी कथने पुष्कळदा कोणी प्रश्न विचारला असता, उत्तरादाखल जन्मतात. म्हणजे ‘एकत्र बोलणे’ हा मूळ अर्थ संज्ञेतून पुरता गेलेला नाही. ‘स्मृतिपूरणा’त विचारणारा दिसत नाही.