संगणकाचे ‘टॉनिक’ घ्यावे की न घ्यावे?

संगणक मंदावला की घरात कुणीतरी सुचवतेच, ‘वेग वाढवणारे एखादे सॉफ्टवेअर घेऊन टाकू या!’ पण पैसे मोजण्यापूर्वी १९९५ सालची एक हकिकत ध्यानात ठेवावी.

अमेरिकेतील सिंक्रोनिस कंपनीने ‘सॉफ्टरॅम ९५’ बाजारात आणले. संगणकाची मेमरी दुप्पट होईल, असा त्याचा दावा! तेव्हा मेमरी फार महाग होती. साहजिकच लाखो प्रती खपल्या. पडद्यावर मेमरी वाढलेली दिसे. मात्र तज्ज्ञांनी आतली रचना तपासली, तेव्हा विंडोज ९५ वर ते मेमरी वाढवतच नाही, असे उघड झाले. १९९६ मध्ये फेडरल ट्रेड कमिशननेही हा दावा खोटा ठरवला.

म्हणून पडद्यावरच्या आकड्यांवर भुलू नका. संगणक सुरू व्हायला किती वेळ लागतो, तो घड्याळ लावून लिहून ठेवा. सॉफ्टवेअरची मोफत चाचणी आवृत्ती वापरून पुन्हा मोजा. अनावश्यक फायली काढणे, व्हायरस शोधणे ही कामे विंडोज १० व ११ मध्ये मुळातच आहेत. त्यासाठी वेगळा खर्च कशाला? आणि ‘तुमच्या संगणकात शेकडो दोष आहेत’ असे घाबरवून पैसे मागणाऱ्या सॉफ्टवेअरपासून तर चार हात दूरच राहावे!