नवा मॉनिटर घ्यायचाय? आधी जुन्याच स्क्रीनवर पीसीची परीक्षा घ्या

मनावर : गेमिंग पीसी दोन-तीन वर्षं जुना झाला की मोठा, जास्त रिझोल्यूशनचा मॉनिटर घ्यावासा वाटतो. मनावर असो, सेंधवा असो की शिरपूर, अशा गावांत बसून तो बहुतेक वेळा ऑनलाइन मागवला जातो, नाहीतर इंदूरहून आणला जातो. घरी जोडल्यावर गेम अडखळू लागला, तर मॉनिटर परत करणं कटकटीचं. आणि त्याच्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड घ्यायचं म्हटलं, तर खर्च मॉनिटरच्याही वर जाऊ शकतो. म्हणून पैसे मोजण्याआधी थोडा हिशेब केलेला बरा.

पिक्सेलचं गणित

साध्या फुल एचडी स्क्रीनवर 1920 गुणिले 1080, म्हणजे सुमारे 20.7 लाख पिक्सेल असतात. 1440पी म्हणजे 2560 गुणिले 1440 च्या स्क्रीनवर सुमारे 36.9 लाख, तर फोरकेवर सुमारे 82.9 लाख. म्हणजे 1440पीवर काम पावणेदोन पटीहून थोडं जास्त आणि फोरकेवर थेट चौपट. हे काम मुख्यतः ग्राफिक्स कार्डाच्या डोक्यावर पडतं. प्रोसेसरवरचा भार मात्र फारसा वाढत नाही.

यातच खरी मेख आहे. गेम चालू असताना टास्क मॅनेजरमध्ये 'परफॉर्मन्स' उघडून पाहा. ग्राफिक्स कार्ड 60-70 टक्क्यांवरच असेल, तर ताकद शिल्लक आहे आणि 1440पी झेपण्याची शक्यता चांगली. मात्र गेममध्ये फ्रेमची मर्यादा किंवा व्ही-सिंक लावलेलं असेल, तर ते आधी बंद करा, नाहीतर आकडा फसवेल. कार्ड आत्ताच 95 टक्क्यांच्या वर असेल, तर फ्रेम नक्की घटणार. फुल एचडीवर 120 फ्रेम मिळत असतील, तर 1440पीवर साधारण 67 आणि फोरकेवर 30 च्या आसपास धरून चला. प्रत्यक्षात थोड्या जास्तही मिळतात, पण हिशेब कमीचाच धरावा.

मॉनिटर न घेता चाचणी

एनव्हीडियाच्या कार्डावर कंट्रोल पॅनेलमध्ये, 'मॅनेज थ्रीडी सेटिंग्ज'खाली 'डीएसआर फॅक्टर्स' असतं. तिथे 1.78 पट निवडलं की फुल एचडी मॉनिटरवरही गेम 2560 गुणिले 1440 मध्ये चालवता येतो. 4 पट निवडलं की फोरके. एएमडीच्या कार्डावर हीच सोय 'व्हर्च्युअल सुपर रिझोल्यूशन' नावाने मिळते. चित्र जुन्याच स्क्रीनवर दिसतं, पण कार्डाला काम मोठ्या स्क्रीनएवढं पडतं. रोजचा आवडता गेम अर्धा तास खेळा आणि फ्रेम बघा. व्हॅलोरंटसारखा हलका गेम चालला म्हणून सायबरपंक 2077 चालेलच असं नाही. त्यामुळे सगळ्यात जड गेमवरच परीक्षा घ्या.

ही चाचणी शक्यतो उन्हाळ्याच्या दुपारी करा. निमाडात पारा 40 च्या वर जातो. खोली तापली की कार्डही तापतं आणि स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतं. जानेवारीत मिळालेल्या फ्रेम मे महिन्यात मिळतीलच असं नाही.

कार्ड कमी पडलं तर?

लगेच नाद सोडायची गरज नाही. सावल्या आणि रे ट्रेसिंग कमी केलं तर बराच फरक पडतो. आरटीएक्स कार्डावर डीएलएसएस आणि इतर बऱ्याच कार्डांवर एफएसआर वापरता येतं. यात गेम कमी पिक्सेलमध्ये तयार होतो आणि मग मोठा केला जातो. फोरकेवर 'परफॉर्मन्स' मोड लावला, तर मूळ चित्र फुल एचडीचंच असतं. मात्र गेममध्ये ही सोय दिलेली असायला हवी.

रिझोल्यूशनच खाली आणायचं ठरवलं, तर 1440पीच्या स्क्रीनवर फुल एचडी चित्र थोडं धूसर दिसतं, कारण पिक्सेलचा मेळ नीट बसत नाही. तसंच कार्डाची मेमरी 8 जीबी किंवा कमी असेल, तर नव्या जड गेमसाठी फोरकेचा विचार जपूनच करावा.

केबल आणि आकार

जुन्या एचडीएमआय 1.4 वर फोरके फक्त 30 हर्ट्झने चालतं. 60 हर्ट्झसाठी एचडीएमआय 2.0 किंवा डिस्प्लेपोर्ट 1.2 लागतं. केबल मदरबोर्डला नाही, ग्राफिक्स कार्डालाच लावायची. ही चूक नेहमी होते.

24 इंचांवर फुल एचडी अजूनही चांगलं दिसतं. 27 इंचांवर मात्र अक्षरांच्या कडा फुटल्यासारख्या वाटतात, तिथे 1440पी शोभतं. चाचणीत 1440पीवर सातत्याने 60 फ्रेम मिळाल्या, तर मॉनिटर खुशाल मागवा. 40 च्या खाली घसरत असतील, तर ते पैसे आधी कार्डासाठी बाजूला ठेवलेले बरे. त्या वेळी नवं कार्ड सध्याच्या एसएमपीएसला झेपेल का, हेही दुकानदाराला विचारून घ्या.