तापाचा आज कितवा दिवस?

जुलै उजाडला की आमच्या ओपीडीची रांग व्हरांड्याबाहेर जाते. पेशंट स्टुलावर टेकण्याआधीच सोबतचा नातेवाईक पिशवीतून रिपोर्ट काढून टेबलावर ठेवतो. ‘‘डॉक्टर, पेशी किती झाल्या बघा. डेंग्यूच आहे ना?’’ मी रिपोर्ट बाजूला ठेवतो आणि पेशंटला विचारतो, ‘‘ताप कधी आला? कोणत्या वारी?’’

‘‘झाले असतील चार-पाच दिवस.’’

‘‘चार की पाच?’’

हा माणूस रिपोर्ट सोडून वारांचा हिशेब का करतोय, असे नातेवाइकांच्या चेहऱ्यावर दिसते. पण पावसाळी तापाचे निदान निम्मे या हिशेबावर असते. डेंग्यू, मलेरिया, लेप्टो, टायफॉइड, स्क्रब टायफस, साधा विषाणूजन्य ताप या सगळ्यांची सुरुवात जवळपास सारखीच असते. अंग दुखते, डोके ठणकते, तोंडाची चव जाते. पहिल्या दिवशी यांतला कोणता ताप आहे, हे नुसते बघून कोणताही डॉक्टर छातीठोकपणे सांगू शकत नाही.

तपासणीलाही वेळ असते

डेंग्यूची एनएस-१ ही चाचणी पहिल्या पाच दिवसांत उपयोगी पडते. त्यानंतर रक्तातला तो घटक कमी होत जातो आणि आयजीएम ही प्रतिपिंडांची चाचणी करावी लागते. तीच आयजीएम दुसऱ्या दिवशी केली तर डेंग्यू असूनही ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. लेप्टो आणि स्क्रब टायफस यांच्या प्रतिपिंडांच्या चाचण्याही पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा चकवतात. मलेरियाचे जंतू एका काचपट्टीवर दिसले नाहीत, तरी शंका असेल तर रक्त पुन्हा तपासावे लागते.

विडाल चाचणीची गोष्ट आणखी वेगळी. टायफॉइडसाठी ही चाचणी १८९६ पासून वापरात आहे. पण पूर्वी टायफॉइड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा दुसराच ताप असेल, तरी ती ‘पॉझिटिव्ह’ दिसू शकते. टायफॉइडची खात्री करायची तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करणे चांगले. आपल्याकडे मात्र विडाल पॉझिटिव्ह आली की ‘मुदतीचा ताप’ ठरून जातो आणि पुढचे प्रश्न विचारायचे थांबतात. मीही एकदा असाच थांबलो होतो.

परकराच्या नाडीखालची खपली

ही गोष्ट बरीच जुनी आहे. तेव्हा मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात होतो. सप्टेंबरच्या अखेरीस एक पस्तिशीची बाई वॉर्डात दाखल झाली. आठवा दिवस होता. बाहेर विडाल पॉझिटिव्ह आली होती आणि टायफॉइडची इंजेक्शने चार दिवस चालू होती. ताप मात्र हटत नव्हता. आता धाप लागू लागली होती. मी छाती तपासली, पोट तपासले, अँटिबायोटिक वाढवले. प्लेटलेट कमी होत्या म्हणून डेंग्यूची चाचणी पाठवली, ती निगेटिव्ह आली.

दुसऱ्या दिवशी दुपारी वॉर्डातल्या सिस्टरांनी तिचे अंग पुसायला घेतले आणि मला हाक मारली. ‘‘सर, जरा इकडे या. ही खपली बघा. ती म्हणते, दुखत नाही.’’ कमरेवर, परकराची नाडी बांधतात त्या जागी, विडीचा चटका बसावा तशी एक काळी खपली होती. भोवती लालसर कडे.

मी पहिल्यांदाच तिला विचारले, ‘‘ताई, तुम्ही काम काय करता?’’

‘‘धानाच्या बांधावरचं गवत कापतो जी.’’

गवत-झुडपांत राहणाऱ्या चिगर नावाच्या अतिसूक्ष्म किड्याच्या चाव्यातून स्क्रब टायफसचे जंतू शरीरात शिरतात. चावा कळतही नाही. काही दिवसांनी ताप येतो आणि चाव्याच्या जागी बहुधा अशी खपली धरते. ती कमरेला, काखेत, जांघेत, स्तनांखाली, कानामागे अशा झाकलेल्या जागी असते. टायफॉइडच्या नेहमीच्या इंजेक्शनांचा या जंतूंवर उपयोग होत नाही. डॉक्सीसायक्लिन या जुन्या, स्वस्त गोळीचा होतो. ती त्याच संध्याकाळी सुरू केली. दीड दिवसात ताप उतरला. आठवड्याने बाई चालत घरी गेली.

सगळ्यांनी माझे अभिनंदन केले. ते खरे तर सिस्टरांचे होते. मी कमरेपर्यंत तपासले नव्हते. बाईमाणूस म्हणून संकोच केला होता आणि हातात विडालचा कागद होता. त्या रात्री मला आधीच्या पावसाळ्यातला एक तरुण शेतमजूर आठवला. नऊ दिवसांचा ताप, धाप, निकामी होत गेलेली मूत्रपिंडे. तो गेला. त्याच्या केसपेपरवर आम्ही ‘कारण अज्ञात’ असे लिहिले होते. त्याच्या अंगावर खपली होती का? माहीत नाही. मी पाहिलेच नव्हते.

पुढे २०१८ साली विदर्भात स्क्रब टायफसचे बरेच रुग्ण सापडले आणि हे नाव वर्तमानपत्रांतून घरोघरी गेले. प्रत्येक रुग्णात खपली सापडतेच असे नाही. पण आता मी सिस्टरांना सोबत घेऊन, पडदा ओढून, प्रत्येक तापाच्या पेशंटचे अंग डोक्यापासून पायापर्यंत पाहतो.

काम, पाणी, प्रवास

म्हणून डॉक्टर आडवेतिडवे प्रश्न विचारतात तेव्हा कंटाळू नका. ‘‘गुडघाभर पाण्यातून चाललात का? पायाला जखम होती का?’’ हा प्रश्न लेप्टोसाठी असतो. उंदरांच्या, गुरांच्या लघवीतून हे जंतू साचलेल्या पाण्यात, चिखलात येतात आणि जखमेतून शरीरात शिरतात. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पाणी ओसरल्यावर पुढच्या काही आठवड्यांत मुंबईत लेप्टोचे रुग्ण वाढले. कोकणात भातलावणी करणाऱ्यांना हा धोका दरवर्षीचा. पोटऱ्या दाबल्यावर पेशंट कळवळतो, डोळे लाल असतात पण चिपडे नसतात, पुढे कावीळ दिसते किंवा लघवी कमी होते, तेव्हा आम्ही रिपोर्टची वाट बघत नाही. उपचार आधी सुरू करतो.

हुडहुडी भरून ताप, मग दरदरून घाम आणि मध्ये बरे वाटणे, हे मलेरियाचे जुने चित्र. पण पहिल्या दिवसांत ताप रोजही येतो आणि फाल्सिपेरम मलेरिया वेळापत्रक पाळत नाही. तो मेंदूपर्यंत जाऊ शकतो. म्हणून ‘‘बाहेरगावी, जंगलाकडे, बांधकामावर गेला होतात का?’’ हे विचारावे लागते. व्हायव्हॅक्स मलेरियाचे जंतू यकृतात दडून राहतात. त्यासाठी डॉक्टर सहसा चौदा दिवसांच्या गोळ्या देतात. तिसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून त्या सोडल्या तर ताप काही आठवड्यांनी, कधी महिन्यांनी परत येतो.

ताप उतरला, तेव्हा सावध

डेंग्यूत घरच्यांची सर्वांत मोठी फसगत इथे होते. चौथ्या-पाचव्या दिवशी ताप उतरतो. ‘आता बरं आहे’ म्हणून पेशंट कामाला लागतो. पण धोक्याचा काळ नेमका तेव्हाच, साधारण तिसऱ्या ते सातव्या दिवसात असतो. रक्तवाहिन्यांतून द्रव बाहेर झिरपू लागतो, रक्त दाट होते आणि रक्तदाब घसरतो. म्हणूनच ‘आज कितवा दिवस’ हा प्रश्न मी पुन्हापुन्हा विचारतो.

प्लेटलेटच्या आकड्याने घरचे घाबरतात. पण रक्तस्राव होत नसेल तर केवळ आकडा खाली आला म्हणून सहसा प्लेटलेट चढवाव्या लागत नाहीत. बहुतेकांच्या त्या काही दिवसांत आपोआप वाढतात. आम्ही बघतो ते रक्तदाब, नाडी, लघवी आणि रक्ताचा दाटपणा. पेशंट उठून बसतो का, खातो का, हे वॉर्डात सकाळी पहिल्यांदा बघतो, आकडा नंतर.

घरी काय कराल?

ताप आला की तारीख आणि वेळ कॅलेंडरवर लिहा. थर्मामीटरने मोजलेला ताप आणि घेतलेल्या गोळ्या त्याखाली लिहीत जा. आमच्यासाठी तो कागद महागड्या रिपोर्टाइतका मोलाचा असतो.

तापासाठी पॅरासिटामॉल, तेही सांगितलेल्या प्रमाणात. डेंग्यू नाही हे कळेपर्यंत ॲस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक यांसारख्या वेदनाशामक गोळ्या घेऊ नका. रक्तस्रावाचा धोका वाढतो. उरलेली अँटिबायोटिकची पाने शोधू नका. पाणी, ताक, पेज, ओआरएस जाईल तेवढे द्या.

ताप दोन-तीन दिवसांत कमी झाला नाही तर डॉक्टरांना दाखवा. पोटात जोराने दुखणे, उलट्या न थांबणे, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त, काळी शी, धाप, कावीळ, लघवी कमी होणे, गुंगी किंवा बरळणे यांपैकी काहीही दिसले तर दिवस मोजत बसू नका, रुग्णालय गाठा. गरोदर स्त्रिया, लहान मुले, वृद्ध आणि मधुमेही यांच्या बाबतीत पहिल्याच दिवशी या.

आणि येताना रिपोर्टांची पिशवी जरूर आणा. पण त्याबरोबर शेतात गेला होतात का, पाण्यातून चाललात का, अंगावर कुठे न दुखणारी खपली आहे का, हेही सांगा. डॉक्टरांनी विचारले नाही तरी सांगा. रांग मोठी असते, आमच्या हातून सुटते कधीकधी.