काचेच्या कपाटातील इवले बूट

आपल्याकडे कोल्हापूर म्हटले की चप्पल आठवते, तसे इंग्लंडमध्ये नॉर्थॅम्प्टन म्हटले की बूट. सतराव्या शतकातील यादवी युद्धात सैन्याला पादत्राणे पुरवणाऱ्या या गावाच्या संग्रहालयात पंधरा हजारांच्या आसपास पादत्राणे आहेत. विस्तारानंतर २०२१ मध्ये ते पुन्हा खुले झाले. मुलाकडे गेलो असता ते पाहण्याचा योग आला. राणी व्हिक्टोरियाचे विवाहप्रसंगीचे बूटही या संग्रहात आहेत. पण बालरोगतज्ज्ञाची नजर साहजिकच लहान मापाकडे वळते.

जुन्या इंग्रजी घरांच्या दुरुस्तीत भिंतीत, छपरात आणि विशेषतः धुराड्याशेजारी दडवलेले बूट सापडतात. संग्रहालयातील तज्ज्ञ जून स्वान यांनी अशा बुटांची नोंदवही सुरू केली. आता तीत सुमारे दोन हजार नोंदी आहेत. बूट बहुधा एकच, झिजलेला; आणि त्यांतले जवळजवळ निम्मे मुलांचे! ते का दडवले, हे कोणी लिहून ठेवलेले नाही. अनिष्ट शक्तींना घराबाहेर रोखण्यासाठी, असा अभ्यासकांचा तर्क आहे. दृष्ट लागू नये म्हणून ट्रकमागे टांगलेली जुनी चप्पल रोज पाहणाऱ्या आपणांस तो चटकन पटावा.

दुसरा तोडगा मात्र विज्ञानाच्या वेषात आला. १९२० नंतर युरोप-अमेरिकेतील बुटांच्या दुकानांत क्ष-किरण यंत्रे आली. इंग्लंडमध्ये त्यांना 'पेडोस्कोप' म्हणत. मुलाने नवा बूट घालून पाय यंत्रात ठेवायचा आणि वरच्या तीन झरोक्यांतून मूल, पालक व विक्रेता यांनी बुटातली हाडे पाहायची. १९५०च्या सुमारास एकट्या अमेरिकेत अशी अंदाजे दहा हजार यंत्रे होती. किरणोत्सर्गाचे धोके उमगल्यावर १९५७ मध्ये पेनसिल्व्हेनियाने त्यांवर बंदी घातली आणि हळूहळू ती नाहीशी झाली. यातला विनोद आपल्या व्यवसायबंधूंच्या ध्यानी येईलच. लहान मुलाच्या तळपायात कूर्चेचा भाग मोठा. नॅव्हिक्युलर हाडाचे अस्थिभवनच तिसऱ्या वर्षाच्या सुमारास सुरू होते. म्हणजे घट्ट बुटात जे दबते, नेमके तेच त्या चित्रात धड दिसत नसे.

मुलाच्या पावलांविषयीची ही धास्ती आजही आमच्या बाह्यरुग्ण विभागात रोज भेटते. "डॉक्टर, याचा तळवा सपाट आहे, कोणता बूट घ्यावा?" याचे उत्तर आपल्याच कर्नाटकात, मणिपाल येथे शोधले गेले. राव आणि जोसेफ यांनी चार ते तेरा वर्षांच्या २,३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासून १९९२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्यांत सपाट तळव्याचे प्रमाण ८.६ टक्के, न वापरणाऱ्यांत २.८ टक्के! त्यातही बंद बुटांत ते अधिक, चप्पल-सँडल घालणाऱ्यांत कमी. एका पाहणीवरून कार्यकारणभाव सिद्ध होत नाही हे मान्य. पण बुटाने कमान घडते या समजुतीला तिने चांगलाच धक्का दिला. तरीही तिसऱ्या वर्षी शाळेत पाऊल टाकताच मुलाचे पाय दिवसभर बंद बुटात कोंडण्याचा आग्रह कशासाठी, हा प्रश्न पालकसभेत विचारावा असे मला फार वाटते. आपल्या उष्ण, दमट पावसाळ्यात तर तो अधिकच गैरसोयीचा.

याचा अर्थ मुलांनी सर्वत्र अनवाणी हिंडावे असा नव्हे. हुकवर्म आणि काटा-काच आपल्या मातीत आहेतच. घरात, स्वच्छ अंगणात अनवाणी. बाहेर पुढून मोकळी, सैल, लवचीक वहाण, एवढे पुरे. अशी वहाण बनवणारे हात बेळगावकरांना दूर नाहीत. कोल्हापुरी चपलेला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्यात महाराष्ट्राच्या चार जिल्ह्यांबरोबर बेळगाव, धारवाड, बागलकोट व विजापूर हेही आहेत. अथणीचे कारागीर बाभळीची साल व हिरडा वापरून कमावलेल्या कातड्याची वहाण पिढ्यान्‌पिढ्या शिवत आले आहेत. मात्र नवी कोरी कोल्हापुरी चावते. मुलांसाठी ती मऊ करून घ्यावी.

सपाट तळव्याची तक्रार घेऊन आलेल्या मुलाला मी बूट काढून चवड्यांवर उभे राहायला सांगतो. पाय दुखत असेल वा ताठर असेल, तर पुढील तपासणी हवीच. एरवी टाच उचलताच बहुतेकांच्या तळव्याला सुरेख कमान दिसू लागते. आई वाकून पाहते, आजोबा चष्मा सावरतात, आणि बुटाचे नाव लिहून घ्यायला काढलेला कागद बहुधा पुन्हा खिशात जातो.