पिवळी पडलेली डबी : बदलायची की ठेवायची?

बॉनेटखाली : लेखांक ११

पॅड झिजले की डबीतलं ब्रेक ऑइल खाली जातं, हे मागच्या लेखांकात आलं. आता ती पातळी बघायला म्हणून दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या एखाद्या अल्टोचं, सँट्रोचं किंवा इंडिकाचं बॉनेट उघडा. मास्टर सिलिंडरवर बसलेली डबी नवी असताना दुधाळ पांढरी होती, ती आता कोऱ्या चहाच्या रंगाची झालेली असते. मॅक्स-मिनच्या रेघा पुसट झालेल्या आणि बुडाशी काळपट ओल. एक मेकॅनिक म्हणतो, "साहेब, डबी बदलून टाका." दुसरा म्हणतो, "कशाला? चालतंय की." दोघंही बरोबर असू शकतात. फक्त का, ते विचारायला हवं.

आधी एक भीती काढून टाकू. ब्रेक दाबल्यावर जो दाब तयार होतो तो मास्टर सिलिंडरमध्ये आणि तिथून चाकांकडे जाणाऱ्या नळ्यांत. डबीत नाही. डबीतलं ऑइल स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, त्यामुळे जुनी डबी ब्रेक मारताना फटकन फुटेल, असं होत नाही. ती झिरपते, पातळी उतरत जाते आणि शेवटी मास्टर सिलिंडर ऑइलऐवजी हवा ओढतो. मग पेडल मऊ लागतं आणि पाय खोल जातो.

नुसता रंग बदलणं हा दोष नव्हे. इंजिनाच्या धगीत प्लॅस्टिक पिवळं पडतंच, शिवाय जुन्या ऑइलचा डाग आतून चढतो. मागून टॉर्च धरा आणि कुणाला तरी गाडी जरा हलवायला सांगा. आत डुचमळणारी रेघ दिसली, तर डबी आपलं काम करते आहे. दिसली नाही, तर माझं मत स्पष्ट आहे : बदला. झाकण न उघडता पातळी कळावी म्हणून तर ती अर्धपारदर्शक केलेली असते. दर वेळी झाकण उघडलं की दमट हवा आत जाते आणि ब्रेक ऑइल पाणी शोषून घेतं. डॉट ३ दर्जाच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, ३.७ टक्के पाणी मुरल्यावर ही अट १४० अंशांवर येते. डॉट ४ साठी हेच आकडे २३० आणि १५५. आंबोली किंवा वरंधा घाट सतत ब्रेकवर उतरलात, तर कॅलिपरमधल्या अशा पाणावलेल्या ऑइलची वाफ होऊ शकते. मग पेडल दाबलं की नुसती वाफ दाबली जाते, गाडी थांबत नाही.

खरा निर्णय ओलीवर आहे. डबी आणि तिच्या आजूबाजूचा भाग कोरड्या फडक्याने पुसा, चार दिवस गाडी चालवा आणि मग ओल नेमकी कुठे आली ते बघा. झाकणाभोवती असेल, तर बहुतेक वेळा कुणीतरी ऑइल जास्त भरलेलं असतं. पॅड झिजलेले असताना मॅक्सपर्यंत भरायचं आणि नंतर नवे पॅड टाकताना पिस्टन मागे ढकलले की जास्तीचं ऑइल वर येतं. त्यात डबीचा काही दोष नाही. मात्र सांडलेलं लगेच पाण्याने धुवा, ते रंग खातं.

ओल डबीच्या बुडाशी असेल, तर संशयित तिथले रबरी ग्रोमेट. ते वर्षानुवर्षं तापून कडक होतात. स्वस्त असतात, तेवढेच बदलले तरी भागतं. अडचण अशी की ग्रोमेट बदलायला डबी उपसावी लागते आणि जुन्या, ठिसूळ डबीच्या खालच्या नळ्या नेमक्या तेव्हाच मोडतात. म्हणून नवी डबी हाताशी आल्याशिवाय जुनीला हात लावू देऊ नका. जुनी धड निघाली, तर नवी दुकानदाराला परत करता येईल.

ओल आणखी मागे, मास्टर सिलिंडर आणि व्हॅक्यूम बूस्टरच्या सांध्यात असेल, तर मास्टर सिलिंडरचं सील गेलंय. तिथे डबी बदलणं म्हणजे पैसे वाया. बूस्टरचं प्रकरण पुढच्या आठवड्यात बघू.

आणि डबीच्या अंगावर किंवा जोडाच्या रेघेवर तडा असेल, तर चर्चाच नको. एम-सील लावून भागवणारे भेटतात, पण या प्लॅस्टिकवर असं लुकण धड चिकटत नाही आणि ब्रेक ऑइल त्याच्या कडेने वाट काढतंच. कुर्ल्याच्या भंगार बाजारातून डबी आणणं हाही तसलाच व्यवहार : आपलं म्हातारं प्लॅस्टिक देऊन दुसऱ्याचं म्हातारं घ्यायचं.

फ्लोटही तपासा. इग्निशन चालू करून, हँडब्रेक सोडून, फ्लोट खाली गेल्यावर डॅशबोर्डवरचा लाल दिवा लागतो का? बऱ्याच गाड्यांत हँडब्रेकचा आणि ऑइल कमी झाल्याचा दिवा एकच असतो. रेघ दिसत नाही आणि दिवाही लागत नाही, अशी गाडी मी घाटात नेणार नाही.

सगळ्यात मोठा धोका मात्र "डबी साफ करून देतो" या उदार वाक्यात आहे. आपल्याकडे गॅरेजमध्ये दिसेल ती वस्तू पेट्रोल, डिझेल नाहीतर रॉकेलमध्ये बुडवायची सवय. ब्रेकमधली रबरं ग्लायकॉलच्या ऑइलसाठी बनवलेली असतात. खनिज तेल लागलं की ती फुगतात. मग झाकणाखालचा रबरी पडदा मोठा होऊन जागेवर बसेनासा होतो. हे लक्षण दिसलं, तर डबीवर भागत नाही, मास्टर सिलिंडरपासून चाकांपर्यंतची सगळी रबरं बदलावी लागतात. धुवायचंच असेल तर ताज्या ब्रेक ऑइलने धुवा. नवे ग्रोमेट बसवतानाही बोटाला तेच लावायचं, ग्रीस नव्हे.

डबी बदलली की काढलेलं ऑइल पुन्हा भरू देऊ नका, सीलबंद डब्यातलंच भरायला लावा आणि ब्लीडिंग करून हवा काढून घ्या. एबीएसवाल्या काही गाड्यांना त्यासाठी स्कॅनर लागतो. तुमच्या गॅरेजकडे तो आहे का, हे काम देण्याआधी विचारा. गाडी बाहेर काढण्यापूर्वी इंजिन चालू ठेवून पेडल स्वतः दाबून बघा. मऊ लागलं, तर चावी परत मेकॅनिकच्या हातात द्या.